पायाची सिस्टर

दिवाळी अंकासाठी माझ्याकडे नोकरीतला अनुभव लिहून मागितलाय, असं सांगितल्यावर आई हसली. म्हणाली, "रिटायर झालेली माणसं लिहितात ते. तुझी नोकरी अजून पाच वर्षांची नाही." बरोबर आहे. पण रिटायर होईपर्यंत माझा राग शिल्लक राहील का? आत्ता आहे तो चांगला ताजा आहे. म्हणून आत्ताच लिहून टाकते, मोबाइलवरच, कारण बसून लिहायला वेळ कुणाला आहे.

मी नर्स आहे. जुन्या हायवेला लागून, कार्ल्याच्या अलीकडे, आमचं हॉस्पिटल आहे. तळमजल्याला कॅज्युअल्टी आणि ओपीडी, पहिल्या मजल्यावर वीस खाटांचा वॉर्ड, वर चार स्पेशल रूम आणि आयसीयू. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. सांगितलं तर मॅनेजर पुन्हा केबिनमध्ये बोलावतील, आणि त्या केबिनमधला एसी इतका थंड असतो की भांडताना माझे दात वाजतात.

आमच्याकडे दोन प्रकारचे पेशंट येतात. एक शनिवार-रविवारचे. धबधब्यावर घसरलेले, गडावरून उतरताना पाय मुरगळलेले, हायवेवर ठोकलेले. हे बहुतेक विम्यावर येणारे, कॅशलेसवाले. दुसरे आपले इथलेच, आजूबाजूच्या गावांचे आणि वाड्यांचे, हातात रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येणारे. हे सरकारी योजनेतले. बिलाचं आम्हा नर्सेसच्या हातात काहीही नसतं, तरी दोन्हीकडचे नातेवाईक पहिला प्रश्न आम्हालाच विचारतात. सलाईन लावताना मी शीर शोधत असते आणि कानाशी आवाज येतो, "सिस्टर, अंदाजे किती होईल?"

कॅशलेस म्हणजे फुकट, असं लोकांना का वाटतं मला कळत नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता, पंचवीस-सव्वीसचा, घोट्याला छोटं फ्रॅक्चर. वडील म्हणाले, आमची पॉलिसी मोठी आहे, वरची डीलक्स रूमच पाहिजे. बिलिंगच्या मुलीने समजावलं की तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे, महागडी खोली घेतलीत तर कंपनी फक्त खोलीचे जादा पैसे कापत नाही, त्याच प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशन, सगळ्यातूनच कापते. तर म्हणाले, "ते आम्ही बघून घेऊ." डिस्चार्जच्या दिवशी कापलेला आकडा बघितला आणि रागावले कुणावर? माझ्यावर. मी त्या मुलाचं बीपी घेत होते. "तुम्ही सिस्टर लोकांनी आधी सांगायला नको?" त्या मुलाने तीन दिवसांत बेल इतक्या वेळा दाबली होती की तिचं बटण आत जाऊन बसलं. उशी नीट करा. पडदा ओढा. वायफायचा पासवर्ड सांगा.

हे सांगायचं कारण, ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्या मावशींनी बेल एकदाही दाबली नाही. तेच जास्त महागात पडलं असतं.

पण आधी बोर्ड. नर्सिंग स्टेशनच्या मागच्या भिंतीवर आमचा पांढरा बोर्ड आहे. सकाळी साडेसातला आमच्या इन्चार्ज थोरात सिस्टर त्यावर मार्करने ड्यूटी लिहायच्या. बीपी-टेम्परेचर: दीपाली. ती मी. इंजेक्शन-सलाईन: पूजा. ड्रेसिंग: रेश्मा. गोळ्या: कविता. म्हणजे वीस पेशंटचं बीपी मी घ्यायचं, वीसच्या वीस इंजेक्शनं पूजाने द्यायची. हात बसतो, काम पटापट उरकतं, चार जणींत वीस खाटा निघतात. नर्सिंगला असताना आम्ही परीक्षेत याच्या उलट लिहायचो. एका नर्सकडे ठरावीक पेशंट, त्यांचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं तिनेच बघायचं, हीच चांगली पद्धत, फायदे अमुक, तोटे तमुक. मला त्या उत्तराला दहापैकी नऊ मार्क पडले होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ते थोरात सिस्टरना सांगितलं. त्यांची नोकरी तीस वर्षांची. त्या म्हणाल्या, "हो का? मग तुझ्या बाईंना म्हणावं, अजून चार जणी पाठवा."

विषय संपला.

हौसाबाई मावशी आल्या मे महिन्याच्या शेवटी. राहणार लोहगडवाडी. गडावर जाणाऱ्यांसाठी तिथे झोपड्यांत जेवण-नाश्त्याची दुकानं आहेत, त्यांतलं एक त्यांचं. पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत. पावसाच्या आधी सरपण आत रचताना त्या ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलाने जीपमध्ये आडवं घालून आणलं. सून सुनीता बरोबर होती, रेशनकार्ड तिच्या छातीशी घट्ट धरलेलं.

योजनेच्या टेबलावर अमोल बसतो. कार्ड स्कॅन करणं, फोटो चढवणं, मंजुरी मागवणं हे त्याचं काम. त्याने सुनीताला सांगितलं ते मी ऐकत होते. या ऑपरेशनचं एक पॅकेज आहे. ऑपरेशन, रॉड, औषधं, जेवण, खाट सगळं त्यात. तुम्हाला काही भरायचं नाही. सुनीताने दोनदा विचारलं, "नंतर काय मागनार न्हाई ना?" अमोल दोनदा नाही म्हणाला. तो खरंच बोलला. त्याने न सांगितलेली गोष्ट इतकीच की हॉस्पिटलला ठरलेलीच रक्कम मिळते, पेशंट चार दिवस राहो नाहीतर दहा. त्यामुळे पाचव्या दिवशी मॅनेजर राउंडला येतात आणि पेशंटकडे न बघता खाटेकडे बघतात.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवसापासून मावशी आमच्या सगळ्यांच्या लाडक्या. कुरकुर नाही, हाक नाही. मी बीपीचा पट्टा घेऊन गेले की स्वतःच हात पुढे करायच्या. "आली का बीपीवाली?" पूजा गेली की, "सुईवाली आली." रेश्मा पट्टीवाली, कविता गोळीवाली. मला म्हणायच्या, "पोरी, डोकं जरा जड हाय," मी लिहून घ्यायचे. रेश्माला सांगायच्या, टाका ओढतोय. पूजाला, सुई दिल्याजागी ठणकतंय. जिचं काम तिलाच. आम्ही जेवायच्या सुट्टीत हसायचो. पूजा म्हणाली, "सगळे पेशंट असे शिस्तीचे पाहिजेत. मला काल सात नंबरचा विचारतो, डायपर कोण बदलणार. मी म्हटलं माझ्या कपाळावर लिहिलंय का? बोर्ड बघा." पूजाचं हे नेहमीचं. काम फार स्वच्छ करते, पण बोर्डावर नाही ते तिचं नाही.

एकदा मी मावशींना विचारलं, की तुम्हाला आमची कामं कशी काय पाठ झाली. म्हणाल्या, "आमच्यात बी तसंच असतंय. सुनीता तव्यावर. मी चहा आन् सरबत. धाकली जाव गिऱ्हाइकाला वाढती. आयतवारी शंभर मानूस येतंय. कुनी तव्यावरलीला चहा मागिटला तर तिची भाकरी करपती. मी वरडते त्यांला. म्हनून मी बी तुमास्नी भलतं न्हाई सांगत."

मला हे फार आवडलं होतं. मी घरी जाऊन आईला सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांची नाडी मोजली, एकशे आठ. आदल्या दिवशी एकशे दोन होती. दोन्ही आकडे मी चार्टवर सुंदर अक्षरात लिहिले आणि पुढच्या खाटेकडे गेले, कारण माझे अजून सोळा पेशंट राहिले होते. हे वाक्य लिहिताना मला स्वतःला एक चापट मारावीशी वाटते. पण तेव्हा माझं काम मोजायचं होतं, ते मी केलं होतं.

अकरा वाजता सुनीता डबा घेऊन आली. मी थर्मामीटर कुठे विसरले ते शोधत वॉर्डात फिरत होते. मावशींच्या खाटेपाशी पोचले तर सुनीताने चादर वर केलेली, मांडीवर टॉवेल, तळहातावर तेल, आणि हात चोळून गरम करत होती.

"काय करतेस, सुनीताताई?"

"आत्याबाईंची पोटरी लय आवळलीय. जरा चोळून देते जोर लावून. मोकळी हुईल."

मी पोटरीकडे बघितलं. ऑपरेशनवाला पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जाड होता. कातडी ताणून चकाकत होती. मी हात लावला. गरम.

"हात काढ," मी म्हणाले. "सुनीताताई, हात काढ आधी. अजिबात चोळायचं नाही."

ती इतकी दचकली की तेलाची बाटली माझ्या बुटावर आडवी झाली.

आता नर्स नसलेल्यांसाठी सांगते. हाडाच्या ऑपरेशननंतर माणूस पडून राहिला की पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी धरू शकते. पोटरी सुजते, दुखते, नाडी वाढते. वेळेत कळलं तर औषधाने आवरता येतं. पण गुठळीचा तुकडा सुटून वर गेला तर फुप्फुसात अडकतो आणि बोलता बोलता माणूस जातो. आणि तुकडा सुटायला जोर लावून चोळणं पुरतं. गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज एक इंजेक्शन देतात. मावशींना ते चालू होतं. पूजा रोज त्याच खाटेशी उभी राहून, त्याच आजारासाठीचं इंजेक्शन, अगदी वेळेवर देत होती. चादर पोटापर्यंत खाली करायची, सुई द्यायची, चादर वर. रेश्मा खुब्यावरची पट्टी बदलायची, चादर बाजूने उचलून. पोटरी चादरीखालीच.

"मावशी, हे कधीपासून दुखतंय?"

"परवाधरनं."

"परवापासून? मग सांगितलं का नाही?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बावळट विचारल्यासारखं.

"कुनाला सांगू? पायाची शिष्टर आलीच न्हाई."

सुनीता माझ्याकडे बघतेय, शेजारच्या खाटेवरचे आबा उठून बसून बघतायत. मावशी आपल्या समजावून सांगतायत, "रोज वाट बघत व्हते. म्हटलं, आज तरी ईल. तुमच्या चौघींची कामं आदीच लय."

धावत जाऊन मी थोरात सिस्टरना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना फोन केला. पायाच्या शिरांची सोनोग्राफी करणारे डॉक्टर तळेगावहून आले, दुपारी तीन वाजता. तोपर्यंत मी मावशींना हलू दिलं नाही आणि सुनीताला तेलाच्या बाटलीजवळ फिरकू दिलं नाही. गुठळी होती. चांगली लांब. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनचा डोस वाढवू, आठ दिवस तरी इथेच ठेवावं लागेल, मग तीन महिने गोळ्या. आणि मला म्हणाले, "चोळलं असतं तर आज आपण वेगळंच काहीतरी करत असतो." सुनीता दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसली.

इथपर्यंत ठीक. आता मंजुरी.

आठ दिवस म्हणजे पॅकेजच्या बाहेर. अमोलने वाढीव दिवसांसाठी अर्ज चढवला. अर्ध्या तासात योजनेच्या डॉक्टरांचा उलटा प्रश्न आला: पायाची तक्रार नेमकी कधी सुरू झाली? त्या दिवसांच्या नर्सिंग नोट्स जोडा.

आमच्या नोट्स. चार जणींची चार अक्षरं. बीपी अमुक. इंजेक्शन दिले. ड्रेसिंग कोरडे. गोळ्या दिल्या. रुग्ण आरामात. "रुग्ण आरामात" हे आम्ही इतक्या वेळा लिहितो की पेन आपोआप लिहितं. पायाचा शब्द कुठेच नाही.

मॅनेजर वॉर्डात आले. खरं तर त्यांच्या मनात वेगळंच होतं. उद्या ठरल्याप्रमाणे डिस्चार्ज द्या, इंजेक्शनं लिहून द्या, ती बाहेरून घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे टोचून घेतील. मी म्हणाले, लोहगडवाडीत कुठला डॉक्टर? आणि ती इंजेक्शनं बाहेर काय भावाने मिळतात? ते म्हणाले, "दीपाली, हॉस्पिटल चालवायचं कसं, हे तू मला सांगू नकोस." मग थोरात सिस्टर म्हणाल्या, "मावशींच्या डिस्चार्ज कार्डावर नर्सिंगची सही लागते. मी करणार नाही." एवढंच. आवाज न चढवता. मग ते नोट्सवर आले.

"बरं, मग असं करा. परवाच्या तारखेखाली जागा आहे ना? तिथे दोन ओळी घाला. पोटरीत दुखत असल्याची तक्रार, डॉक्टरांना कळवले. मंजुरी लगेच येईल. पेशंटचंच भलं आहे यात."

सगळ्यात संताप याचाच आला, की त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. दोन ओळी घातल्या तर मावशींचे आठ दिवस पक्के. नाही घातल्या तर मंजुरी अडकणार, आणि अडकली की ती इंजेक्शनं सुनीताने कुठून आणायची? दाराशी ती बसलीच होती. आमचं सगळं बोलणं तिला कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल आहे एवढं कळत होतं. पूजा हळूच म्हणाली, "लिहून टाक ना. कुणाला कळतंय." मी पेन उचललंसुद्धा. आणि मग माझ्या डोक्यात आलं, की मी हे लिहिलं की कागदावर मावशींना पायाबद्दल विचारणारी एक सिस्टर तयार होते. ती नव्हतीच. मावशी दोन दिवस तिचीच वाट बघत पडल्या होत्या.

मी थोरात सिस्टरकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, आजची तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं: रुग्णास परवापासून पोटरीत दुखत होते. रुग्णास पायाबद्दल विचारले गेले नाही. नाडी दोन दिवस वाढलेली होती. आज अकरा वाजता लक्षात आले. खाली सही. मग पेन मला दिलं. मी सही केली. रेश्मा आणि कवितानेही केली. पूजाने पेन घेतलं नाही. "म्हणजे माझी चूक कबूल करायची? मी इंजेक्शन एक मिनिटसुद्धा उशिरा दिलेलं नाही." थोरात सिस्टर म्हणाल्या, "नाहीच दिलेलंस. तरी पाय दिसला नाही. म्हणूनच सही कर." तिने केली, पण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मॅनेजर म्हणाले, उद्या यावर नोटीस आली तर तुम्ही उत्तर द्या. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंजुरी आली नाही. मी अमोलच्या टेबलाशी इतक्या खेपा घातल्या की तो म्हणाला, "ताई, स्क्रीनकडे बघून ती लवकर येत नाही." चार वाजता आली. एकही जादा प्रश्न नाही. मी वॉर्डात जाऊन सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "नंतर काय मागनार न्हाई ना?" मी म्हटलं, नाही. तिने अमोललाही जाऊन विचारलं.

त्या संध्याकाळी थोरात सिस्टरनी बोर्ड पुसला. नुसत्या रुमालाने निघेना, कामांची नावं वर्षानुवर्षं त्याच जागी लिहून डाग पडले होते, स्पिरिट लावावं लागलं. मग लिहिलं: दीपाली, खाट एक ते पाच. पूजा, सहा ते दहा. तसंच पुढे. मी म्हणाले, "सिस्टर, हे माझ्या परीक्षेतलं उत्तर आहे." त्या म्हणाल्या, "नऊ मार्क ना? बघू."

मावशी चार नंबरला होत्या. म्हणजे माझ्या. बीपी मी, सुई मी, गोळी मी, पट्टी मी. पहिल्या दिवशी त्या गोंधळल्या. "आज बाकीच्या आल्या न्हाईत का?" मी म्हटलं, आता सगळ्याची मीच. सुनीताने बोर्डावरचं वाचून दाखवलं. मावशींनी जरा विचार केला आणि तोंड जे सुटलं ते आठ दिवस थांबलं नाही. पोट साफ नाही. डाव्या कानात आवाज येतो. ही गोळी कडू आहे. रॉड पावसात गंजणार नाही ना? जावेने चहात साखर जास्त घातली असेल. मला एका पेशंटला पाऊण तास लागायला लागला. सूज उतरली, वॉकर धरून त्या पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, आणि जूनच्या सुरुवातीला घरी गेल्या. जाताना गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्या, पंधराव्या दिवशी तपासायला या, पुढच्या गोळ्या तेव्हा इथेच मिळतील, असं मी तीनदा सांगितलं.

बोर्ड टिकला तीन आठवडे. मग धबधब्यांची गर्दी सुरू झाली. एका रविवारी कॅज्युअल्टीत नऊ जण एकदम आले, कविता आधीच रजेवर, आणि आम्ही तिघी. सोमवारी सकाळी थोरात सिस्टरनी कुणाशी न बोलता बोर्ड पुसला आणि पुन्हा लिहिलं. बीपी-टेम्परेचर: दीपाली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "चार जणी आण. आत्ता बदलते." माणसं वाढवायची तर पैसे पाहिजेत, पॅकेजमध्ये रॉडचा हिशोब आहे, जेवणाचा आहे, नर्सने पाऊण तास बसून ऐकायचा नाही.

तशात एकदा फाइल लावताना मावशींची फाइल हाताला आली. तपासणीची तारीख उलटून आठ दिवस झालेले, पुढे काही नोंदच नाही. गोळ्या आठ दिवसांपूर्वी संपलेल्या. फोन लावला, लागेना. तिथे रेंजचं असंच. मी सुट्टीच्या दिवशी स्कूटी काढली आणि मळवलीवरून चढाला लागले. धुकं, चिखल, आणि समोरून गाणी लावलेल्या गाड्या. दुकानाशी पोचले तेव्हा रेनकोटच्या आत मी अर्धी भिजलेली.

मावशी चुलीशी पाटावर बसून चहा गाळत होत्या. वॉकर खुंटीला टांगलेला, त्यावर ओला टॉवेल वाळत घातलेला.

"आली का," त्या म्हणाल्या. जणू मी रोज येते. "सुनीता, तिला भाकरी वाढ."

"मावशी, तपासायला का आला नाहीत?"

"आलते की."

"कधी?"

"तू सांगितल्या दिवशीच. पोराची जीप करून आलते. तू न्हवतीस. रजेवर हाय म्हनाले. ती सुईवाली म्हनली, या मावशी, मी बघते. म्हटलं नगं. माझी शिष्टर येगळी हाय."

"आणि परत गेलात?"

"मंग काय करू? बोर्डावर लिव्हलं व्हतं. चार नंबर तुझा. सुनीतानं वाचून दावलं न्हाई का? म्हटलं तू ईल तवा ईल. आली की."

सुनीता तव्यावरून म्हणाली, "मी लय सांगितलं ओ ताई. ऐकतच न्हाईत."

"पाय दुखतो का?"

"दुखतोय की. सांजचा."

"कधीपासून?"

"आठ दिस झालं."

मी तिथेच, बाहेर चार ट्रेकर पोहे खात बघत असताना, मावशींचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही पोटऱ्या हाताने बघितल्या. मोजायला टेप नव्हती, सुनीताने सुतळी दिली. थोडा फरक होता. गरम नव्हती. पण गोळ्यांशिवाय आठ दिवस म्हणजे नशीबच. मला इतकं चिडायला झालं होतं की कुणावर चिडायचं तेच कळेना. चार जणी होतो तेव्हा बाई पाचवीची वाट बघत बसल्या. एक जण दिली तर तिच्याशिवाय कुणाला हात लावू देईनात. आणि दोन्ही वेळा आम्ही जसं दाखवलं तसंच त्यांनी केलं.

गावाच्या कडेला एका दगडावर रेंज येते. दुपारी जीपने न्यायचं कबूल करून मावशींच्या मुलाने वॉकर काढून दिला, मी मावशींना धरून तिथवर नेलं आणि पूजाला फोन लावला. तिची ड्यूटी होती. इंजेक्शन-सलाईन.

"पूजा, चार नंबरच्या मावशी आज दुपारी येतायत. मी बरोबर येणार नाही, मुद्दाम. तूच बघ. पोटरी मोज, डॉक्टरांना दाखव, गोळ्या दे. पण आधी त्यांच्याशी बोल."

मी स्पीकर चालू करून फोन मावशींच्या पुढे धरला. त्यांनी फोनकडे संशयाने बघितलं.

"तू सुईवाली ना?"

"हो मावशी," पूजा म्हणाली.

"मग पायाचं तुला सांगू का?"

पलीकडे मागे कुणाचीतरी बेल वाजत होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, बोर्ड बघा.

"सांगा," पूजा म्हणाली.

मावशींनी दगडावर नीट बूड टेकवलं आणि खुब्यापासून सुरुवात केली. मग पोटरी, मग डावा कान, मग रॉड गंजतो का ते. मी छत्री धरून उभी राहिले. आम्ही परत येईपर्यंत माझी भाकरी गार झाली होती, आणि सुनीताला दुसरी मागितली तर मावशी म्हणाल्या, तिला काम करू दे, काय पायजे ते मला सांग.